पाच जणांची धडधड

तिसरी घंटा झाली आणि वसुधाताईंची छाती धडधडायला लागली. स्वतः त्यांना रंगमंचाची भीती वाटून पंचवीस वर्षं झाली होती. ही धडधड त्यांच्या पाच नटांची होती. गेल्या वर्षी नायक भर स्पर्धेत वाक्यं विसरला, म्हणून यंदा त्यांनी ताण ओढून घेणारी जादूची सहा कडी आणली होती. पाच नटांच्या मनगटांत, सहावं दिग्दर्शिकेच्या म्हणजे त्यांच्या स्वतःच्या. "तुमचं टेन्शन माझ्याकडे द्या आणि मोकळेपणाने कामं करा," असं त्या नारळ फोडताना म्हणाल्या होत्या.

पोरं फारच मोकळी झाली. पडदा उघडला, रंगमंचावरची आई मुलाला हाका मारत राहिली आणि तो मुलगा, म्हणजे प्रणील, विंगेत बटाटेवडा खात उभा होता.

"अरे गाढवा, एन्ट्री आहे तुझी!" वसुधाताई दातओठ खात कुजबुजल्या.

"जातो की ताई. चटणी झकास आहे."

"समोर परीक्षक बसलेत!"

"बसू देत ना."

तिकडे तिसरी हाक मारून आई खुर्चीत टेकली आणि तिने प्रेक्षकांतल्या मावशीला हात केला.

"आग लागो त्या शांतपणाला!" वसुधाताईंनी मनगटातलं कडं उपसून फेकलं.

ज्याची धडधड त्याच्याकडे परत गेली. प्रणीलच्या हातातला वडा पडला. तो धडपडतच रंगमंचावर गेला.

"आई!"

आवाज कापला. दोन महिने तालमीत घसा फोडूनही वसुधाताईंना तो कंप मिळाला नव्हता.

विंगेत त्यांच्या छातीत पुन्हा धडधडायला लागलं. ही धडधड मात्र त्यांची स्वतःची होती.