आवाजाची फाइल

डेरिकने वेदांतला कॉलर धरून खुर्चीतून ओढलं आणि भिंतीवर आपटलं.

"चीटिंग करतोस? माझ्याच गेममध्ये?"

नालासोपाऱ्यातल्या त्या सायबर कॅफेत रविवार दुपारची गर्दी होती. तिथे चालणाऱ्या गोळीबाराच्या गेमचा मॉड, म्हणजे बदललेली आवृत्ती, डेरिकने स्वतः बनवला होता. कॉलेज बुडवून, किल्ल्यात दहा वेळा जाऊन. परदेशी गल्ल्यांऐवजी वसईचा किल्ला, पडकी चर्चेस, बुरूज, खाडीकडचा दरवाजा. कॅफेतल्या सगळ्या कॉम्प्युटरवर आता तोच चालायचा आणि थोड्याच वेळात विरारची पोरं मॅच खेळायला येणार होती. म्हणून कॅफेवाल्या फर्डिनंडने आज पहिल्यांदाच सर्व्हरवर फाइलींची तपासणी चालू केली. सगळी मशीन्स गेममध्ये आत गेली. वेदांत बसायचा ते कोपऱ्यातलं मशीन तेवढं बाहेर फेकलं जात होतं. पुन्हा पुन्हा तीच एरर: फाइल सर्व्हरशी जुळत नाही.

"भिंतीपलीकडचं दिसत असणार ह्याला," डेरिक म्हणाला. "उगाच नाही रोज जिंकत."

"नाही रे बाबा," वेदांत म्हणाला. "अंकल, सगळं उडवा आणि नवीन टाका ना. लगेच चालेल."

"का? बघू दे ना काय बदललंय ते," फर्डिनंड म्हणाला.

फर्डिनंडने दोन्ही फोल्डर शेजारी शेजारी उघडले, सर्व्हरचा आणि ह्या मशीनचा. नकाशे जुळले. बंदुका जुळल्या. आवाजांच्या फोल्डरमध्ये त्याचं बोट थांबलं. समोरचा मरताना ओरडतो, त्या आवाजाची फाइल. नाव तेच, साइज मात्र कितीतरी मोठी.

"ही तू टाकलीस?"

"वाजवू नका." वेदांतने माउसवर झडप घातली.

डेरिकची मूठ त्याच्या नाकावर बसली. वेदांत खुर्चीसकट आडवा झाला. डेरिकने वर एक लाथ घातली, मग आणखी एक. मागून कोणीतरी "मार, मार साल्याला" ओरडलं. वेदांत हात वर करून तोंड झाकत नव्हता. तो एकच म्हणत होता, "वाजवू नका, अंकल."

फर्डिनंडने क्लिक केलं.

"परत बोलशील? बोल! परत बोलशील?" पुरुषाचा आवाज. मध्ये पट्ट्याचे फटके. मग "परत—" म्हणता म्हणता आवाज तुटला.

डेरिकचा पाय तसाच थांबला.

फर्डिनंडने आवाज ओळखला. त्याचा गाळा होता त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारे प्रल्हाद. सोसायटीचे सेक्रेटरी. रोज सकाळी शटर उघडताना हसून 'गुड मॉर्निंग' म्हणणारे. वेदांतचे वडील.

"मी गोळी घातली की हे वाजतं," वेदांत जमिनीवरूनच म्हणाला. नाकातलं रक्त ओठावर आलं होतं. "आणि थांबतं."

डेरिकने पाय खाली टेकवला.

"दाराबाहेर उभं राहून रेकॉर्ड केलं. आईचा आवाज कापून टाकलाय मी."

फर्डिनंड खाली वाकला. "आत्ता घरी आहेत ते?"

"तेच पाठवतात मला. 'जा, खेळ जा' म्हणतात. मग दार लावून घेतात."

"आज पण पाठवलं?"

वेदांतने मान हलवली.

फर्डिनंड जिन्याकडे धावला. त्याच्या मागे वेदांत. डेरिक क्षणभर उभा राहिला, मग तोही दोन-दोन पायऱ्या चढत सुटला. तिसऱ्या मजल्यावर दार बंद होतं. आत टीव्ही मोठ्याने चालू होता. फर्डिनंडने दोन्ही हातांनी दार बडवलं. बराच वेळ. शेवटी टीव्ही बंद झाला.

प्रल्हादने दार उघडलं. बनियन घामाने भिजलेलं, चेहऱ्यावर हसू.

"या या, फर्डिनंड. काय, पाणी येत नाही का खाली?"

प्रल्हादच्या मागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वेदांतची आई मीरा बसली होती. एक डोळा सुजून मिटलेला. दुसऱ्या डोळ्याने तिने दाराकडे पाहिलं आणि तिला मुलाचा रक्ताने माखलेला शर्ट दिसला.

ती उठली. भिंत धरून धरून पुढे आली. प्रल्हादला बाजूला सारून दारात उभी राहिली.

"कोणी मारलं तुला?"

"हे बघ, खाली जाऊन मारामाऱ्या करतात—" प्रल्हादने सुरुवात केली.

"मी," डेरिक म्हणाला. "मी मारलं, काकू."

तिने त्याच्या कानाखाली लगावली. एवढ्या जोरात, की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. डेरिक हलला नाही. तिने परत मारलं. परत.

"माझ्या पोराला हात लावायचा नाही," तिचा आवाज चिरकला. सगळा जिना ऐकत होता. "समजलं? कोणी नाही!"

चौथ्यांदा तिचा हात वर गेला. तेवढ्यात मागून प्रल्हादने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मीरा, पुरे. आत हो."

ती गर्रकन वळली. हात तसाच वर.

प्रल्हाद मागे सरकला.