इशाऱ्याचा आवाज

पौषातल्या अवकाळी वादळात हिराजी तांडेल होडी वर ओढायला किनाऱ्याकडे धावला, तोच खिशातला फोन खेकसला, "अहो, होडी गेली खड्ड्यात! पाणी चढतंय, आधी टेकडी गाठा!"

आवाज बायकोचा, चांगुणाचा होता. हिराजी मुकाट वळला.

टेकडीवरच्या शाळेत सगळा गाव भिजून जमला होता. वादळाचा इशारा हल्ली, माणूस ज्याचं खरोखर ऐकतो, त्याच्याच आवाजात येई. त्यामुळे कोणाला कोणाचा आवाज आला, यावरच गप्पा रंगल्या होत्या.

"मला बंदरावरच्या साहेबांचा," हिराजीनं छाती काढून ठोकून दिलं.

"आणि वहिनी, तुम्हाला?" शेजाऱ्यानं विचारलं.

"माझाच की!" चांगुणा पदर पिळत म्हणाली. "दुसऱ्या कोणाचं ऐकते मी?"