दोन किलोचं वजन

दवाखान्यातल्या काट्यावर उभी राहिले तेव्हा कंबरेला ओढणीनं घट्ट बांधलेलं लोखंडी वजन हाडात रुतत होतं. वरून सैल कुर्ता होता. कुणाला काही दिसणार नव्हतं.

"बीएमआय अठरा पूर्णांक सहा. आलीस एकदाची नॉर्मलमध्ये!" डॉक्टरबाई हसल्या. "पण हा आकडा म्हणजे नुसती चाळणी असते गं. उंचीच्या मानानं वजन किती, एवढंच सांगतो. चक्कर येते? केस गळतात?"

"नाही," मी म्हणाले. रोज न्हाणीत साठणारे केस आईच्या आधी मीच उचलून टाकायचे.

"मग आता दर आठवड्याला यायला नको."

सुटले, असं वाटलं. सोबत आलेले बाबा मात्र पुढे झाले. मनगट धरून त्यांनी मला काट्यावरून उतरवलं, आणि ते सोडलंच नाही. तीस वर्षं दुकानात कांदे-बटाटे तोलणारा हात होता तो.

"सकाळपासून दोन किलो मागणाऱ्या गिऱ्हाइकांनाही किलो-किलोनं दोनदा तोलून देतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "दे बाळा ते दोन किलोचं वजन. आणि पुन्हा चढ काट्यावर."