शैलजाताईंची वेणी

शैलजाताईंच्या कृत्रिम डोळ्यांतला प्रोग्रॅम पुन्हा अचानक बंद झाल्याचा इशारा सुरक्षा केंद्रातल्या हेमांगीच्या पडद्यावर आला. कोणी बाहेरून घुसून तो बंद पाडत असेल, तर ताईंना भर रस्त्यातही दिसेनासं होईल. तिने डोळे पुन्हा सुरू करायच्या बटणावर बोट ठेवलं आणि घाईने फोन लावला.

"ताई, आहात तिथेच थांबा. तुमचे डोळे कोणीतरी बंद करतंय."

"अगं, मीच करते," त्या हसल्या. "लेकीची वेणी घालतेय. ती शाळेत जायला लागेपर्यंत मला दिसत नव्हतं. तिचे केस माझ्या हातांनाच माहीत आहेत. बघत घातली की वेणी सैल होते."

"आई, घट्ट घाल हं," मागून आवाज आला.

हेमांगीने बटणावरचं बोट उचललं. "सावकाश घाला, ताई," ती म्हणाली.