मुळासकट

टिलरचं पातं वाफ्यात घुसलं, तेव्हा वहिनी ओरडतील, निदान डोळे तरी पुसतील, अशी धाकट्याची अपेक्षा होती. वहिनी हातातली ताटली पुसत दारात उभ्या राहिल्या, इतकंच.

सतरा वर्षं त्याने या दिवसाची वाट पाहिली होती. वाटणीत उन्हाची बाजू थोरल्या भावाला गेली आणि त्याने तिथे लावलं काय, तर टेकडीवरचं रानफूल! थंडीत वाळून जमीनदोस्त व्हायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पुरुषभर उंच. जांभळ्या तुऱ्यांवर फुलपाखरं भिरभिरत, मधमाश्या घोंगावत. येणारा-जाणारा थांबून थोरल्याचं कौतुक करी. धाकट्याच्या नेटक्या कातरलेल्या हिरवळीकडे कुत्रंही ढुंकून पाहत नसे. वर थोरला दर वर्षी गल्लीभर कागदाच्या पुड्या वाटायचा. धाकट्याच्या दारातली पुडी न उघडताच कचऱ्यात जाई.

थोरला गेला. वर्ष सरताच धाकट्याने मोजणी आणली. वाफा अख्खाच्या अख्खा त्याच्या हद्दीत निघाला.

"नकाशा दाखवू का, वहिनी?"

"नको, भावोजी. फीत कशाला खोटं बोलेल?" त्या पायऱ्या उतरून टिलरवाल्यापाशी आल्या. "अहो, असं वरवर नका फिरवू. दोन-तीनदा फिरवून चांगलं बारीक करा."

"ऐकलंस ना? मुळासकट जाऊ दे," धाकटा हसला. "आणि ही माती टाक नाल्यात."

"फेकताय कशाला? सतरा वर्षांचं पालापाचोळ्याचं खत आहे त्यात. तुमच्या हिरवळीवर पसरा."

वहिनी इतक्या सहज नमल्या, हे पाहून त्याला आतून उकळ्या फुटल्या. थोरल्याची सगळी कमाई त्याने घमेल्याघमेल्याने, कुंपणापासून फाटकापर्यंत, स्वतःच्या हातांनी पसरली. घामाघूम झाला, पण त्या रात्री कित्येक वर्षांनी त्याला गाढ झोप लागली.

थंडी सरली. एका सकाळी हिरवळीत तांबूस कोंब दिसले. त्याने ते कापले. चौथ्या दिवशी दुप्पट उगवले. एक उपटून पाहिला, तर खाली बोटाच्या पेराएवढा मुळाचा तुकडा.

"अरे वा," रस्त्यावरून जाणारा गल्लीतला शिंपी थबकला. "थोरल्यांच्या पुडीत अगदी असाच तुकडा असायचा. शेवटी तुम्हीही लावलात म्हणायचा!"

धाकट्याच्या हातातला कोंब गळून पडला. तो तरातरा कुंपणापाशी गेला. "वहिनी! तुम्हाला ठाऊक होतं! हे तुम्ही मुद्दाम केलंत!"

वहिनींनी त्याच्या अंगणावरून सावकाश नजर फिरवली, पार फाटकापर्यंत.

"मी कुठे, भावोजी? सतरा वर्षं खपून आम्हा दोघांना एक वाफा जमला. अंगणभर तर तुम्हीच लावलंत."