भांड्यांची पाळी

व्हिडिओ कॉलवर दोन तरुण चेहरे उमटले आणि मी कॉलर नीट केली.

"काका, मुलाला बोलवा ना. अमेरिकेतल्या घराचं ठरवायचंय."

"विद्यार्थी मीच," मी म्हणालो. "वय त्रेसष्ट. इतिहासात एमएला प्रवेश मिळालाय."

याआधी विद्यार्थ्यांच्या दोन ग्रुपनी मला नाही म्हटलं होतं. भाड्याला वाटेकरी मिळाले नसते, तर माझं जाणंच रद्द झालं असतं.

"घोरता का?" एकाने विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. "खूप घोरतो, असं बायको म्हणायची."

ते खो-खो हसले. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. "मग तुम्ही आणि हा सुमेध एका खोलीत. तोही घोरतो!"

"म्हणजे मी चालेन?"

"चालाल की! पण भांडी पाळीपाळीने घासायची. वयाची सवलत नाही."

कॉल संपल्यावर स्वयंपाकघरात गेलो आणि धुतलेलाच कप पुन्हा घासायला घेतला.