कापलेल्या तारा

वहिनींनी दादाची इलेक्ट्रिक गिटार माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवली. “भावजी, ही आपोआप वाजते हो.”

“वाजेल कशी?” मी खेकसलो. “पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. त्याच्यावर पोलादी तार हलली, तरच स्पीकरमधून आवाज येतो!”

जिवंतपणी दादाने मला या गिटारला बोटही लावू दिलं नाही. मेल्यावरही माझंच डोकं खातोय! गिटार स्पीकरला जोडून मी पक्कड उचलली, सहाही तारा कटाकट तोडल्या आणि कचऱ्यात फेकल्या. “घे, वाजव आता!”

स्पीकरमधून दादाची नेहमीची धून सुरू झाली.

संतापून मी उघड्या पिकअपवर हात आपटला. धून थांबली.

माझ्या तळहातात सहा ताणलेल्या तारा रुतल्या होत्या.